सातव्या प्रकरणापर्यंत

हेकमंडवाइक, यॉर्कशर
६ फेब्रुवारी १९९३

प्रिय सेड्रिक,

पत्राबरोबर हे एवढं जाड पार्सल कसलं, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. मी कादंबरी लिहिली आहे. हसलास ना? तुझी आईसुद्धा हसली. हसून झाल्यावर म्हणाली, "विनी, तू आयुष्यभर लोकांना बटाटे वाढलेस, तुझ्याकडे लिहिण्यासारखं काय असणार?" म्हटलं, एडना मावशी, गालिच्याच्या गिरणीतल्या कँटीनच्या खिडकीत मी एकतीस वर्षं उभी होते. माणूस ताट पुढे करतो ना, तेव्हा तोंडावरचं सगळं दिसतं. गिरणी बंद पडली, खिडकीला फळ्या ठोकल्या, आणि डोक्यात साठलेलं बाहेर पडायला वाट उरली नाही. म्हणून लिहिलं. नाव ठेवलंय 'कँटीनची खिडकी'. बावीस प्रकरणं, चारशे अकरा पानं, सगळी प्रार्थनामंदिराच्या टाइपरायटरवर. त्याचं 'र' अक्षर अडकतं, तेवढं सांभाळून घे.

वाचनालयातली मुलगी म्हणाली, "मिसेस ओल्डरॉइड, हल्ली प्रकाशक थेट काही बघत नाहीत. आधी एजंट मिळवावा लागतो, आणि नवीन माणसाला तो मिळणं फार कठीण." मी म्हटलं, अगं, एजंट आमच्या घरचाच आहे! माझा मावसभाऊ सव्वीस वर्षं लंडनला 'हॅविल अँड स्टर्ट'मध्ये आहे. मावशी तर दूधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ऐकवत असते, "आमचा सेड्रिक पुस्तकांत असतो."

तर पुस्तकांतल्या माणसा, एवढं काम कर. अख्खं वाच. मधे सोडू नकोस. वाचून झालं की खरं काय ते लिही.

तुझी,
विनी

•

लंडन
१५ फेब्रुवारी १९९३

प्रिय विनिफ्रेड,

तुझं पार्सल मिळालं. सुतळी फार जाड वापरलीस. पातळ दोन पदरी पुरते. पाकीट एक नंबर लहान असल्यामुळे कोपरे दुमडले आहेत. आणि परतीचं पाकीट जोडलेलं नाही. ही चूक नवखे लेखक हमखास करतात.

तुझ्या उत्साहाचं कौतुक आहे, पण वस्तुस्थिती सांगणं माझं कर्तव्य आहे. आमच्याकडे वर्षाला चार हजारांच्या वर बाडं येतात. गेल्या वर्षी आम्ही घेतली पाच. त्यांतला एक लेखक आमच्या मिसेस स्टर्टना लग्नाच्या जेवणात शेजारी बसलेला भेटला. दुसरा त्यांच्या दाताच्या डॉक्टरचा मेव्हणा. तिसरी नटी आहे. चौथा आमच्याच एका लेखिकेचा घटस्फोटित नवरा, त्याला आता आपली बाजू मांडायची आहे. पाचवा कसा आला ते कळलेलं नाही. त्याची वर चौकशी चालू आहे.

राहता राहिला प्रश्न मी तुला घेण्याचा. नात्यातल्या माणसाचं पुस्तक घेणं आमच्या व्यवसायात शोभत नाही. तेव्हा तू इतर एजंटांकडे रीतसर जा. सुरुवातीची तीन प्रकरणं पाठवायची, जास्त नाही. एका पानात गोष्टीचा सारांश. आणि आपलं नाव-पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं परतीचं पाकीट. पाकीट जोडलं नाही तर बाड कचऱ्यात जातं. जोडलं तर घरी परत येतं. बाकी काही फरक पडत नाही.

कँटीन हा विषय सध्या चालत नाही. सध्या दक्षिण फ्रान्स चालतं. तुझी कथा तिकडे हलवता येते का बघ.

आईला नमस्कार. नाताळात आलो होतो तेव्हा तिचा गुडघा दुखत होता.

तुझा,
सेड्रिक

•

हेकमंडवाइक
२ मार्च १९९३

प्रिय सेड्रिक,

सुतळी, पाकीट, कोपरे यांचं तुला अगदी बारकाईने कळतं. पत्रात आतल्या पानांबद्दल चकार शब्द नाही. वाचलंस का रे?

हे घे तुझं परतीचं पाकीट. मोठं, नाव-पत्त्यासकट, तिकिटं लावून. झालं समाधान? आता तरी वाच.

कादंबरी फ्रान्सला नेऊन बघितली. खरंच बसले एका दुपारी. लॅव्हेंडरच्या शेतात दोन वाजताचा गिरणीचा भोंगा कुठून वाजवू? आमचा फोरमन ऑलिव्ह खायला बसला आणि दुसऱ्याच ओळीला मला म्हणाला, बटाटे कुठायत. आणलं सगळ्यांना परत घरी.

बाकी सांगितलंस तसं केलं. वाचनालयातून यादी आणली आणि अकरा एजंटांना पहिली तीन-तीन प्रकरणं पाठवली. सारांश लिहिताना घाम फुटला. चारशे पानं लिहायला तीन वर्षं लागली, ती एका पानात बसवायला दहा दिवस. मावशीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "यात तर कुणीच काही खात नाही." बरोबर होतं तिचं. पण आता पोस्टात पडलाय.

तुझी,
विनी

•

हेकमंडवाइक
१९ एप्रिल १९९३

प्रिय सेड्रिक,

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. कामात असशील.

अकरांपैकी आठ पाकिटं घरी आली. आपणच आपल्याला पत्र पाठवावं आणि दारातल्या पायपुसण्यावर ते धपकन पडावं, असला प्रकार मी आयुष्यात पाहिला नव्हता. पोस्टमन म्हणतो, "मिसेस ओल्डरॉइड, तुम्हाला फार पत्रं येतात हल्ली, आणि सगळ्यांचं अक्षर सारखंच." एक पाकीट चौथ्या दिवशी हजर. लंडनला जाऊन यायलाच त्याला तीन दिवस लागले असणार, म्हणजे वाचायला किती वेळ उरला ते तू सांग. एका पाकिटात माझी प्रकरणं नव्हतीच, डेव्हनच्या कुणा माणसाची पाणबुडीची गोष्ट होती. मी ती वाचली, चांगली आहे, दुसऱ्या प्रकरणात जरा पाणी शिरतं. त्याला टाकली पोस्टाने, चार ओळी लिहून. त्याचं उत्तर आलं की आठ वर्षांत त्याचं लिखाण वाचलेली मी पहिलीच.

पाच जणांच्या चिठ्ठ्यांत एकच वाक्य आहे: 'आम्ही या लेखनाच्या पुरेसे प्रेमात पडलो नाही.' मावशीला वाचून दाखवलं. ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "पुरेसं कशाला हवं? आमच्या वॉल्टरवर माझं अर्धंमुर्धंच होतं. एक्केचाळीस वर्षं निघाली की!"

हे सगळं हसण्यावारी नेतेय, पण खरं सांगू, सेड्रिक, वाईट वाटतं. छापलं नाही तरी चालेल. त्या धंद्यातल्या एका माणसाने तरी ते शेवटपर्यंत वाचावं, एवढंच मागतेय. मी आता त्रेसष्ट वर्षांची आहे.

एक विचारू? सातवं प्रकरण कसं वाटलं?

तुझी,
विनी

•

लंडन
२७ एप्रिल १९९३

प्रिय विनिफ्रेड,

उशिराबद्दल क्षमस्व. वसंतातला पुस्तक मेळा असल्यामुळे आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

तुझं बाड मी अर्थातच पूर्ण वाचलं आहे. एकूण परिणाम समाधानकारक. सातवं प्रकरण दमदार आहे, मात्र जरा रेंगाळतं. निसर्गवर्णन कमी करावंस. मुख्य पात्राचा हेतू आणखी स्पष्ट व्हायला हवा. व्यवसायातल्या माणसाचं मत म्हणून सांगतो, हे प्रकरण गाळलं तरी पुस्तकाचं फारसं बिघडणार नाही.

आठ नकार म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे एक गृहस्थ एकोणीस वर्षं दर सप्टेंबरला पाठवतात. त्यांची गाठ मारायची पद्धत इतकी चांगली आहे की सोडताना जिवावर येतं.

तुझा,
सेड्रिक

•

हेकमंडवाइक
२ मे १९९३

सेड्रिक,

सातव्या प्रकरणात निसर्ग म्हणजे लोखंडी कुंपणाला बांधलेली एक सायकल आहे.

तू वाचलेलं नाहीस. बाबा रे, मला राग नाही आला. तुम्हा लोकांच्या नियमाने कुणी तिसऱ्याच्या पुढे जातच नाही, मग सातव्याला कोण पोचणार? म्हणून तर बाकी अकरांना मी निर्धास्तपणे तीन प्रकरणं पाठवली. ते प्रकरण कुणाच्या हाती लागू द्यायच्या आधी तुझ्या हाती लागायला हवं होतं, म्हणून अख्खं बाड फक्त तुला पाठवलं. एजंट म्हणून नाही.

आता असं कर. ऑफिसात नको. रविवारी, घरी, खुर्चीत नीट बसून पान एकशे अठ्ठावीस उघड. मग वाटलं तर लिही. नाही वाटलं तरी मी समजून घेईन.

विनी

•

लंडन
१४ जून १९९३

प्रिय विनी,

सहा आठवडे झाले. दर रविवारी पत्र लिहायला बसलो आणि उठलो.

एकाहत्तर सालचा सप्टेंबर. यॉर्कशरहून बसने आलेली बाई, डोक्यावर चर्चला जायची हॅट, हातात आल्याच्या केकचा डबा, कारण मुलाचा वाढदिवस. मुलाला न कळवता ती त्याच्या ऑफिसच्या दारात येते. दाराशेजारी लोखंडी कुंपण, कुंपणाला सायकल, आणि कुंपणातून खाली तळघराची खिडकी दिसते. खिडकीत तिचा मुलगा तपकिरी कोट घालून पार्सलांना सुतळी बांधतोय. जिभेने तिकिटं ओली करून चिकटवतोय. वरून कुणीतरी ओरडतं, "सिरिल!" आणि तो उठून उभा राहतो. स्वतःचं नाव नसताना उठून उभा राहतो. ती बाई आत जात नाही. समोरच्या बागेतल्या बाकावर बसून केकचा एक तुकडा स्वतः खाते आणि चारच्या बसने परत जाते. घरी सगळ्यांना सांगते, "भेटला. ऑफिस मोठं आहे. फार कामात होता."

तू नाव बदललंस, पण तो कोट माझाच आहे. आज अंगावर तिसरा आहे, रंग तोच.

म्हणजे आईला बावीस वर्षं माहीत आहे. तुलाही. आणि मी दर नाताळाला टाय बांधून येतो, टर्कीच्या ताटावर लेखकांच्या खोड्या सांगतो, आणि तुम्ही दोघी मान डोलावता. विनी, मला इतकी लाज वाटली की तीन दिवस कामावर गेलो नाही. गंमत म्हणजे कुणाच्या लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी नुसती पार्सलं साठलेली होती.

मग पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. चारशे अकरा पानं. जेवणाच्या सुटीत, बसमध्ये, पार्सलांच्या ढिगाआड. मी गेली सव्वीस वर्षं लोकांची पुस्तकं परत पाठवतोय, एक लाखाच्या वर असतील. आतून वाचलेलं हे पहिलं. फार चांगलं आहे गं. मी एजंट नाही, पण एवढं मला कळतं.

पुढे जे केलं ते सांगून टाकतो. नियम तीन प्रकरणांचा आहे, आणि वरचे लोक तिथपर्यंतही जात नाहीत. म्हणून मी पाचवं, सहावं, सातवं काढलं, पानांच्या आणि प्रकरणांच्या आकड्यांवर टाइपच्या चुका झाकायचं पांढरं औषध लावून एकपासून आकडे घातले, आणि मिसेस स्टर्टांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. स्वतः. तो पहिल्या मजल्यावरचा गालिचा बहुधा तुमच्याच गिरणीचा आहे. तिथे मी एरवी नाकारलेली बाडं उचलायला जातो, ठेवायला कधीच नाही.

तुझी परवानगी घेतली नाही. तूही माझी घेतली नव्हतीस. फिट्टंफाट.

आईशी काय बोलू ते कळत नाही.

तुझा,
सेड्रिक

•

हेकमंडवाइक
९ जुलै १९९३

माझ्या सेड्रिक,

तुझं पत्र वाचून मी रडले आणि मग मावशीकडे गेले. म्हटलं, त्याला कळलंय. ती मटार सोलत होती. सोलता सोलता थांबली. म्हणाली, "कळलं का? बरं झालं. आता त्याला म्हणावं, येताना तो टाय नको घालू. गळा आवळतो त्याचा, मला बघवत नाही." मग पुन्हा मटार. थोड्या वेळाने म्हणाली, "पुस्तकांत असतो म्हणजे असतोच ना तो? मी कधी खोटं बोलले?" तिने बावीस वर्षं तुझा एक शब्द खाली पडू दिला नाही, आणि ते तुझ्यासाठीच होतं. त्या सप्टेंबरात बसमधून उतरल्यावर ती माझ्या कँटीनच्या खिडकीशी आली होती. सांगितलं फक्त मला, आणि म्हणाली, "विनी, त्याच्याकडून हे काढून घ्यायचं नाही."

आता ऐक. तुझ्या मिसेस स्टर्टचं मला पत्र आलं. जाड कागद, वर नक्षी. म्हणे पुस्तकाला अशी एकदम मधूनच सुरुवात करणं फार धीटपणाचं आहे, गेल्या कित्येक वर्षांत इतकी आत्मविश्वासाची सुरुवात पाहिली नाही. म्हणे त्या प्रेमात पडल्या आहेत. 'पुरेशा' शब्द नाही, मी दोनदा शोधला. मला घ्यायला तयार आहेत, पण एका अटीवर. त्यांच्या 'तिसऱ्या' प्रकरणातला तो पार्सलवाला बदलायचा. त्याला वरच्या मजल्यावरचा खराखुरा एजंट करायचा. कारण, त्यांचे शब्द उतरवते: 'एकाच इमारतीत पंचवीस वर्षं काम करणाऱ्या माणसाचं नावही कुणाला ठाऊक नसतं, हे आजच्या वाचकाला पटणार नाही.'

मी तीन दिवस विचार केला. खोटं कशाला बोलू, मोह झाला. चार ओळी बदलायच्या आणि त्रेसष्टाव्या वर्षी लेखिका व्हायचं! मग मी त्यांना लिहिलं. तुला नक्कल पाठवतेय.

'मिसेस स्टर्ट, तुमच्या पत्राने फार आनंद झाला. प्रकरण आहे तसंच राहील. वाचकाला पटतं का नाही ते नंतर बघू, आधी तुम्ही खात्री करून घ्या. तुमच्या ऑफिसच्या मागच्या जिन्याने चौदा पायऱ्या उतरा. सेड्रिक फेअरबर्न कोण, असं विचारा. सिरिल म्हणून हाक मारू नका, तो उठून उभा राहील. त्यालाही नाही पटलं तर मी प्रकरण काढते. आपली, विनिफ्रेड ओल्डरॉइड.'

तुझी नोकरी धोक्यात आली असेल तर माझ्यावर राग काढ. आणि एजंट गेला तर जाऊ दे. वाचणारा एक मिळाला मला.

विनी

•

लंडन
२४ जुलै १९९३

प्रिय विनी,

मंगळवारी सकाळी जिन्यावर उंच टाचांचा आवाज आला. आमच्या जिन्यावर तो आवाज येत नाही, त्यामुळे मला वाटलं कुणी वाट चुकलं. मिसेस स्टर्ट होत्या. हातात तुझं पत्र. ढिगाकडे बघितलं, सुतळीच्या गुंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमचं नाव सिरिल ना?"

"सेड्रिक."

"कधीपासून?"

"बाप्तिस्म्यापासून, बाईसाहेब."

त्या टपालाच्या पोत्यावर बसल्या. किमती स्कर्ट, पण बसल्या. मग विचारलं, "ही कुंपणातून खाली बघणारी बाई..." मी म्हटलं, "माझी आई. ही बघा खिडकी." त्यांनी मान वर करून पाहिलं. कुणाचे तरी बूट चालले होते.

"पुढचं तुम्ही वाचलंय?"

"चारशे अकरा पानं."

"शेवट चांगला आहे?"

मी म्हटलं, "बाईसाहेब, वाचून बघा." आणि कपाटातून राहिलेलं बाड काढून त्यांच्या हातात दिलं. आकड्यांची लबाडीही सांगून टाकली. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते धीटपणाचं नव्हतं?" मी म्हटलं, नाही, ते माझं पांढरं औषध होतं. हसतील की कामावरून काढतील ते कळेना. त्या बाड स्वतः उचलून वर घेऊन गेल्या.

शुक्रवारी वरून एक पाकीट खाली आलं. तुझं परतीचं पाकीट, जे तू मार्चमध्ये रागारागाने पाठवलं होतंस आणि मी नियमाप्रमाणे प्रकरणांना जोडून वर ठेवलं होतं. रोजच्या सवयीने मी त्यात बाड घालायला हात पुढे केला. बाड नव्हतंच. पाकीट रिकामं, आणि एक चिठ्ठी: 'सेड्रिक, याची गरज नाही. प्रकरण राहू दे. मिसेस ओल्डरॉइडना कळवा.' सेड्रिक असं लिहिलंय. नीट.

विनी, त्या पाकिटाचं काय करायचं ते मला सुचेना. आम्ही ज्यांना घेतो ते लग्नात भेटलेले असतात, ते परतीचं पाकीट जोडत नाहीत. म्हणून तळघरात रिकामं पाकीट आजवर कधीच आलं नव्हतं. शेवटी किटलीच्या वाफेवर धरून तुझी तिकिटं सोडवली. शिक्का नाही, कोरी आहेत, सोबत पाठवतोय. डेव्हनच्या त्या पाणबुडीवाल्याला लिही.

मी शनिवारी दुपारच्या बसने येतोय. टाय नाही. आईला म्हणावं, आल्याचा केक करून ठेव. एकाहत्तर सालचा माझा वाटा राहिलाय.

तुझा,
सेड्रिक